मिस्टर हॅरिसचं पोटॅशियम

गणपतीत आरती संपून प्रसादाची ताटली हातात आली, की मंडळातलं कोणी ना कोणी मला बाजूला घेतं. "वृंदाताई, तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात ना? जरा हा गुडघा बघा बरं." मी डॉक्टर नाही, असं सांगते. मग मी नर्स असणार, असं समोरचा परस्पर ठरवतो. नर्सही नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा असा काही पडतो, की मलाच उगाच ओशाळल्यासारखं होतं. वर ओढलेली पँट मुकाट्यानं खाली येते आणि प्रश्न येतो, "मग तुम्ही नक्की करता काय?"

तर एकदाचं सांगून टाकते. सर्जरीत, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, जीपीच्या दवाखान्यात, तुमच्या दंडातून रक्त काढतात आणि कापसाचा बोळा दाबून धरायला सांगतात. एक-दोन दिवसांनी जीपी म्हणतो, "सगळं नॉर्मल आहे." या दोन गोष्टींच्या मधलं जे असतं, ते मी करते. लंडनजवळ वॉटफर्डच्या बाजूला एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या लॅबमध्ये. आम्हाला बायोमेडिकल सायंटिस्ट म्हणतात. दिवसभरात एवढ्या माणसांचं रक्त माझ्या हाताखालून जातं आणि त्यातल्या एकाचाही चेहरा मला दिसत नाही. मला दिसतात ती नावं, जन्मतारखा आणि आकडे.

मी मूळची साताऱ्याची. बारावी सायन्स काठावर पास झाले आणि केमिस्ट्रीच्या धास्तीनं कॉमर्सला पळाले. लग्न झालं, मिलिंदच्या नोकरीमागं इकडे आले. लेक सई शाळेत रुळल्यावर या लॅबमध्ये असिस्टंट म्हणून लागले. काम साधं होतं. पिशव्या उघडायच्या, नळ्यांवर बारकोड चिकटवायचे, नळ्या मशिनला लावायच्या. हे मी आनंदानं करत होते. फक्त प्रश्न फार विचारायचे. ही नळी जांभळ्या बुचाची का, ती पिवळ्या बुचाची का, हे आधी का फिरवायचं, ते का नाही.

आमची ट्रेनिंग ऑफिसर होती फिओना. एडिनबराची, उंच, कमी बोलणारी. माझ्या प्रश्नांना कंटाळून ती एक दिवस म्हणाली, "तू डिग्रीच का करत नाहीस? म्हणजे हे सगळं युनिव्हर्सिटीला विचारशील आणि मला जरा शांतता मिळेल."

डिग्री अ‍ॅप्रेंटिसशिप असा प्रकार इथं असतो. नोकरी चालू राहते, आठवड्यातला एक दिवस युनिव्हर्सिटी, बाकीचे दिवस लॅब, आणि अभ्यास उरलेल्या वेळात. हा उरलेला वेळ कुठं मिळतो, ते माहितीपत्रकात छापलेलं नव्हतं. मी चाळिशी ओलांडलेली. साताऱ्याला फोन करून आईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, अ‍ॅप्रेंटिस म्हणजे ती आयटीआयची पोरं ना? गॅरेजमध्ये असतात ती?"

"तसंच काहीसं," मी म्हटलं. "पण रक्ताच्या गॅरेजमध्ये."

"आणि मिलिंदराव काय म्हणाले?"

मिलिंदराव म्हणाले होते, "कर. मी वरण-भात लावायला शिकतो." आणि खरंच शिकला. पुढची काही वर्षं आम्ही इतका वरण-भात खाल्ला, की सईच्या मैत्रिणींना तो आमचा कुळधर्म वाटायचा.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले, तर एकोणीस-वीस वर्षांची पोरं एकदम गप्प झाली आणि वह्या उघडून बसली. त्यांना मी प्राध्यापक वाटले. मी गुपचूप मागच्या बाकावर बसल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. पुढं आमची छान गट्टी जमली. ती मला स्टॅटिस्टिक्स शिकवायची आणि मी त्यांना चिवडा खाऊ घालायची. या व्यवहारात फायदा माझाच जास्त झाला.

आता ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं चाललं होतं, ती सांगते. मशिन आकडा काढतं, पण तो आकडा आपोआप डॉक्टरकडे जात नाही. जरा वेगळा दिसला की तो स्क्रीनवर थांबून राहतो. मग एक माणूस तो बघतो, विचार करतो आणि एक बटण दाबतो. त्याला ऑथराइज करणं म्हणतात. त्या बटणाचा अर्थ एवढाच, की हा आकडा खरा आहे आणि त्याला मी जबाबदार आहे. ते बटण दाबायला डिग्री लागते, ट्रेनिंगची जाडजूड फाइल पुरी व्हावी लागते आणि आमच्या पेशाच्या सरकारी रजिस्टरमध्ये नाव लागतं. तोवर अ‍ॅप्रेंटिसनं बटण दाबणाऱ्याच्या खुर्चीमागं हात खिशात घालून उभं राहायचं. मी उभी राहायचे. देवळात गाभाऱ्याबाहेर उभं राहावं तशी. त्या बटणाचं मला वेडच लागलं होतं म्हणा ना.

फिओनानं पहिला धडा दिला तोही त्याच खुर्चीमागं. स्क्रीनवर एका बाईंचा रिपोर्ट होता. पोटॅशियम इतकं वर, की असा माणूस जगूच शकत नाही. कॅल्शियम जवळजवळ नाहीच. "ही बाई जिवंत आहे का?" तिनं विचारलं. मी घाबरून म्हटलं, "नसावी." फिओनानं वॉर्डला फोन लावला. बाई टोस्ट खात बसल्या होत्या आणि मार्मालेड मिळालं नाही म्हणून तक्रार करत होत्या. झालं होतं असं, की पिवळ्या बुचाच्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून कोणीतरी जांभळ्या नळीतलं थोडं तिच्यात ओतलं. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं, त्यातच पोटॅशियम असतं आणि ते औषध कॅल्शियम धरून ठेवतं. "आकडा कधीच एकटा वाचायचा नाही," फिओना म्हणाली. "नळीचा प्रवास कसा झाला, ते आधी विचारायचं."

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. तो नाही तर डिग्री नाही आणि डिग्री नाही तर बटण नाही. माझा प्रोजेक्ट ठरलेला होता: लॅबमधलं जुनं मशिन आणि नवं मशिन यांची तुलना. उन्हाळ्यात मी तयारीला लागले आणि एका सकाळी कामावर येऊन बघते तो जुन्या मशिनच्या जागी फरशीवर नुसता चौकोनी डाग. ठरल्यापेक्षा लवकर कंपनीची माणसं येऊन ते घेऊन गेली होती. तुलनेतला अर्धा भाग लॉरीत बसून निघून गेला. युनिव्हर्सिटीनं सांगितलं, सप्टेंबरात नवा विषय द्या, नाहीतर एक वर्ष थांबा. या वयात एक वर्ष म्हणजे काय, ते त्या पोरांना कळलं नसतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि पिशव्या उघडायला बसले.

त्याच वेळी इंग्लंडला खरा उकाडा आला. आपण बेचाळीस डिग्री बघितलेली माणसं, पण या कार्पेटच्या, बंद खिडक्यांच्या घरांत तीस डिग्रीलाच जीव नकोसा होतो. दुकानांतले पंखे संपले. आणि एके दुपारी लॅबमध्ये फोन वाजला.

पेशंटनं लॅबला फोन करायचा नसतो. पण या गृहस्थांनी स्विचबोर्डवरच्या बाईंना गोड बोलून आमच्यापर्यंत जोडून घेतलं होतं. त्यांचं नाव मी बदलते, मिस्टर हॅरिस म्हणू. रिटायर्ड बस ड्रायव्हर, लॅबपासून बरंच लांब एका खेड्यात राहणारे.

"तुम्ही मला पुन्हा मारलंत," ते म्हणाले.

"माफ करा, काय केलं आम्ही?"

"कागदावर मारलंत. पोटॅशियम वाढलंय म्हणता, डॉक्टर फोन करतो, मुलगी कामावरून धावत येते, मला हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, ए अँड ई-मध्ये नेते. तिथं परत रक्त काढतात. तिथं सगळं ठीक. घरी या, पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. केळी बंद केली, बटाटे बंद केले. आता टोमॅटो बंद करा म्हणतात. बाई, माझ्याकडे ग्रीनहाउसभर टोमॅटो लागलेत. शेजारी खातायत आणि मी बघतोय."

मी नियमाप्रमाणं सांगितलं, की याबद्दल तुमच्या जीपीशी बोला. "जीपी म्हणतो लॅबला विचारा," ते म्हणाले आणि फोन ठेवला. रागावलेले नव्हते, थकलेले होते. मला फार वाईट वाटलं. माणूस आयुष्यभर लोकांना वेळेवर घरी पोचवत होता आणि आता स्वतःच्या अंगणातला टोमॅटो खायची चोरी.

मी त्यांचे जुने आकडे काढले. सर्जरीतून आलेलं पोटॅशियम सहाच्या वर, त्याच संध्याकाळी ए अँड ई-मधलं पाचच्या आसपास, म्हणजे नॉर्मल. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळं त्यांचं पोटॅशियम आधीच नॉर्मलच्या वरच्या टोकाला असायचं, म्हणून थोडी वाढ झाली तरी भोंगा वाजायचा. जांभळ्या नळीची भेसळ नव्हती, कॅल्शियम ठीक होतं. रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम वाढतं, पण मग नळी फिरवल्यावर वर येणारं पाणी लालसर दिसतं. इथं ते स्वच्छ पिवळं. मग त्याच सर्जरीचे इतर पेशंट बघितले. सकाळी रक्त दिलेल्या बऱ्याच जणांचं थोडं चढलेलं होतं. दुपारी सॅम्पल न्यायला व्हॅन येते, ती येण्याच्या थोडं आधी दिलेल्यांचं ठीक. आणि मिस्टर हॅरिस दर सोमवारी पहिला नंबर लावणारे.

मी फिओनाला दाखवलं. "जानेवारी असता तर मी थंडी म्हटलं असतं," ती म्हणाली.

हे जरा समजावते. आपल्या पेशींच्या आत पोटॅशियम भरलेलं असतं, बाहेर अगदी थोडं. ते आत राहावं म्हणून प्रत्येक पेशीला एक पंप असतो, सोसायटीच्या टाकीला असतो तसा. नळीतल्या रक्तातही तो पंप काही तास चालू असतो. पण गारठा लागला की तो आळसावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. म्हणून हिवाळ्यात गार व्हॅनमधून आलेल्या नळ्यांकडे आम्ही संशयानंच बघतो. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मी यावर पानभर लिहिलं होतं. पण बाहेर बत्तीस डिग्री तापमान होतं आणि पिशव्या हाताला कोमट लागत होत्या. अशा उकाड्यात पोटॅशियम उलट थोडं कमी दिसायला हवं.

रविवारी सकाळी इडल्या करायच्या होत्या. पीठ उकाड्यानं भसाभसा फुगायला लागलं म्हणून मी ते आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये ढकललं होतं. काढायला गेले तर हाताला कापड लागलं. मिलिंदच्या उशीची खोळ. दोन्ही खोळी नीट घडी घालून कोथिंबिरीच्या डब्यावर ठेवलेल्या.

"हे काय?" मी ओरडले.

"रात्री उकडतं गं," तो बाहेरून म्हणाला. "ऑफिसमध्ये सगळे असंच करतात."

वरच्या कप्प्यात सईची क्रीमं होती. दारात मेणबत्त्या. हळदीकुंकवाच्या वेळची चॉकलेटं. मी दार उघडं टाकून तशीच उभी राहिले. उकडायला लागलं की माणूस काय काय फ्रिजमध्ये ठेवतो, बघा.

"आई, फ्रिज बीप करतोय," सई म्हणाली. "तुझी ब्रेन फ्रीझ झाली का?"

"सई," मी म्हटलं, "मला वाटतं मला माझा प्रोजेक्ट मिळाला."

सोमवारी फिओनाला सांगितलं. मला वाटलं ती लगेच सर्जरीला फोन लावेल. ती म्हणाली, "फोनवर विचारलंस तर कोणीही नाहीच म्हणेल. जाऊन बघ." ट्रेनिंगच्या तासांत बसवून तिनं मला सॅम्पल आणणाऱ्या व्हॅनमधून पाठवलं. ड्रायव्हरनं सगळ्या रस्ताभर मला त्याच्या सासूच्या तक्रारी सांगितल्या, व्हॅनचं तापमान मात्र बिनतक्रार होतं.

सर्जरी म्हणजे एक जुनं घर. खिडक्या रंगानं चिकटून बसलेल्या. रिसेप्शनवर जॅकी नावाच्या बाई, कपाळावर ओला रुमाल. त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीवरची पिशवी उचलून आमच्या हातात दिली. पिशवीवर बाहेरून दव आलं होतं.

"ही फ्रिजमध्ये होती का?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"हो, लघवीच्या सॅम्पलांच्या फ्रिजमध्ये," जॅकी म्हणाल्या. "या खोलीत काय हाल आहेत बघताय ना. बिचाऱ्यांचं रक्त नासेल, म्हणून सकाळी घेतलं की लगेच आत ठेवते. आणि व्हॅन यायच्या आधी काढून ठेवते, नाहीतर लेबलं ओली होतात."

लघवी फ्रिजमध्ये ठेवायची असतेच, तिथं त्या बरोबर होत्या. रक्त आत गेलं तेवढंच चुकलं. आणि आमच्याकडे पोचेपर्यंत कोमट होत असल्यानं आमच्या हाताला कधी कळलं नाही. मी त्यांना समजावून सांगितलं, तसं त्यांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं.

"म्हणजे मिस्टर हॅरिसना माझ्यामुळं?"

"जॅकी," मी म्हटलं, "माझ्या फ्रिजमध्ये आत्ता नवऱ्याच्या उशीच्या खोळी आहेत."

त्या हसल्या. खरं तर दोघींनाही रडूच येत होतं, पण उकाडा इतका होता की हसणं सोपं पडलं. त्या दिवसापासून ती पिशवी फ्रिजमध्ये गेली नाही.

मी नाचत परत आले. फिओनानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गोष्ट छान आहे. आता सिद्ध कर."

तोच माझा प्रोजेक्ट झाला. रीतसर परवानग्या काढल्या. लॅबमधल्या सहकाऱ्यांनी दंड पुढं केले. प्रत्येकाच्या काही नळ्या टेबलावर, काही फ्रिजमध्ये, आणि मग दिवसभर ठरावीक वेळानं मोजणी. टेबलावरच्यांची रेघ जागच्या जागी राहिली. फ्रिजमधल्यांची चढत गेली, शांतपणे, जिना चढावा तशी. तो आलेख बघून मला जे वाटलं, ते सईच्या पहिल्या पावलाला वाटलं होतं. तसं मी रिपोर्टमध्ये थोडंफार लिहिलंही. सई तेव्हा ए लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या अभ्यासात होती. आम्ही एकाच टेबलावर समोरासमोर बसायचो. ती माझा रिपोर्ट वाचायची आणि लाल पेनानं कापायची. "आई, ही पॅराग्राफ खूप इमोशनल आहे. पोटॅशियमला फीलिंग्ज नसतात."

मध्यंतरी मिस्टर हॅरिस यांचा पुन्हा एकदा फोन आला. "बाई, आता तरी टोमॅटो खाऊ का?" मला उत्तर माहीत होतं. फिओनानं सर्जरीला कळवलं होतं, डॉक्टर पुन्हा तपासणी करणार होते. पण मी काही बोलायचं नव्हतं. मी लॅबमधली अ‍ॅप्रेंटिस, त्यांची डॉक्टर नव्हे. "जीपीला विचारा, नक्की विचारा," एवढंच म्हणाले. शब्दांवर जितका जोर देता येईल तितका दिला. "नक्की विचारा, काय?" ते म्हणाले. "बरं. विचारतो." जीपीनं सावधपणे दोन-तीनदा तपासून मगच बंधनं उठवली. तोवर शरद ऋतू आला होता आणि ग्रीनहाउस रिकामं झालं होतं. ही एक चुटपुट मला अजून आहे.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक होते. त्यांनी माझा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "थंडीनं पोटॅशियम वाढतं, हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही नवीन काय शोधलं?"

इतक्या वर्षांचा वरण-भात डोळ्यांपुढून गेला. मग मी खरं तेच बोलले. "नवीन काही नाही. सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच सगळे ते हिवाळ्यात शोधतात. उन्हाळ्यात कोणी शोधत नाही. पण उकडायला लागलं की चांगली माणसं काळजीपोटी वस्तू फ्रिजमध्ये ठेवतात, मीही ठेवते. नळीचा प्रवास विचारायचा तर त्यात माणसंही विचारावी लागतात."

ते बराच वेळ काही लिहीत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "आमच्या लॅबकडे येणाऱ्या सर्जऱ्यांना मी उद्याच विचारतो." मी पास झाले, हे मला तेव्हाच कळलं.

फिओना त्या वसंतात रिटायर होऊन एडिनबराला परत गेली. माझं नाव रजिस्टरमध्ये यायला पुढं उन्हाळाच उजाडला. म्हणून ज्या दिवशी मी पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले, तेव्हा मागं कोणी उभं नव्हतं. जरा चुकल्यासारखं वाटलं. खुर्ची फिओनाच्या उंचीला लावलेली होती, ती आधी खाली घेतली.

सोमवार होता आणि बाहेर चांगलंच ऊन. दुपारच्या व्हॅनचे रिपोर्ट स्क्रीनवर यायला लागले. त्यात ते नाव होतं. जुने आकडे चढलेले असल्यानं मशिननं त्यांचा रिपोर्ट थांबवून ठेवला होता, कोणीतरी बघावं म्हणून. मी कॅल्शियम बघितलं. नळी हातात घेऊन उजेडात धरली, स्वच्छ होती. जॅकीला फोन केला. "टेबलावरच होती," ती म्हणाली, "शपथेवर." पोटॅशियम ४.९.

मी बटण दाबलं.

आवाज वगैरे काही झाला नाही. रांगेतला एक रिपोर्ट कमी झाला, इतकंच. मी फिओनाला मेसेज पाठवला, की आज पहिला रिपोर्ट ऑथराइज केला. तिचं उत्तर आलं, "छान. पुढचा घे."

मिस्टर हॅरिस यांना मी कधी बघितलेलं नाही. वॉटफर्डच्या मार्केटमध्ये माझ्या शेजारी उभे राहिले तरी ओळखणार नाही. त्या संध्याकाळी त्यांनी काय खाल्लं, ते कळायला मला काही मार्ग नाही. मी मात्र घरी जाताना टोमॅटो घेतले आणि किती तरी दिवसांनी वरणाला सुट्टी देऊन भातावर टोमॅटोचं सार केलं.